शिन गार्ड घालून येणाऱ्या मुलींच्या आईबाबांना खुले पत्र

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी, मॉरिसव्हिल, एपेक्स आणि जवळपासच्या समस्त मराठी पालकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात. रविवारच्या मराठी शाळेत जोडाक्षरांचा वर्ग घेणारी ती मी. विषय आपल्या मुलींच्या फुटबॉलचा, ज्याला इथे सॉकर म्हणतात. पत्र जरा लांबणार आहे आणि मध्ये मध्ये लागेल असंही बोलणार आहे. पहिला वार मात्र माझ्यावरच आहे, तेव्हा रागवायच्या आधी तेवढं वाचा.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. वर्ग अर्ध्यावर आला होता, फळ्यावर ‘र’ची चार रूपं लिहून झाली होती. दार उघडून एक बारा वर्षांची मुलगी आत आली. गुडघ्यापर्यंत मोजे, आत नडगी जपणारे शिन गार्ड, घामाने कपाळाला चिकटलेले केस. बाकापर्यंत जाताना तिच्या बुटांतून टर्फचे काळे रबरी दाणे जमिनीवर सांडत गेले. खोली भाड्याची, निघताना आपल्यालाच झाडावी लागते. मी म्हणाले, “खेळायचंच होतं तर इथे नाव कशाला घातलं?” मराठीत म्हणाले, आणि तिला मराठी उत्तम कळतं. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी कोल्हापूरची. ज्यांना कोल्हापूर म्हटलं की फक्त तांबडा-पांढरा रस्सा आठवतो त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे फुटबॉल पेठापेठांत आणि तालमीतालमींत विभागलेला आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ. आपली तालीम हरली तर घरात जेवण जात नाही, अशी माणसं मी पाहिली आहेत. शाहू स्टेडियम आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे हाक कसली, गर्जनाच. गोल झाला की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजायची. माझे दोन्ही भाऊ आत असायचे. मी आणि आई ओट्यापाशी उभ्या राहून आवाजावरून गोल ओळखायचो. मला घरातून कधीच सोडलं नाही. मी हट्टही केला नाही, कारण मुलीने असा हट्ट करायचा असतो हेच ठाऊक नव्हतं.

ही मी, आणि मीच त्या मुलीला ते वाक्य ऐकवलं.

आता मुद्द्याकडे येते. आपण राहतो तिथून पंधरावीस मिनिटांवर वेकमेड सॉकर पार्क आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुलं तिथल्या मागच्या मैदानांवर शनिवारी सकाळी खेळून मोठी झाली. त्याच आवारातल्या मुख्य स्टेडियममध्ये अमेरिकेतल्या कॉलेजकन्यांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा निकाल लागतो. दरवर्षी नाही, पण 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन वर्षं लागला. त्याआधी 2018ला लागला होता. कोविडमुळे 2020ची स्पर्धा मे 2021मध्ये खेळवली गेली, तीही इथेच. त्या वेळी सँटा क्लारा आणि फ्लोरिडा स्टेटची 1-1 अशी बरोबरी होऊन सँटा क्लारा पेनल्टीवर जिंकली. डिसेंबर 2025मध्ये अंतिम फेरी कॅन्सस सिटीला गेली आणि आपल्या ग्रुपवर कुणाला पत्ताही लागला नाही. जे आलेलंच दिसलं नव्हतं ते गेलेलं कसं दिसणार?

2024ला चारही उपांत्य संघ एकाच कॉन्फरन्सचे, म्हणजे कॉलेजांच्या एकाच साखळी गटातले होते आणि त्यातले तीन आपल्या नॉर्थ कॅरोलायनाचे: चॅपल हिलचं यूएनसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना, डरममधलं ड्यूक, विन्स्टन-सेलमचं वेक फॉरेस्ट. चौथं स्टॅनफर्ड. यूएनसीने ड्यूकला 3-0 हरवलं, मग सोमवारी, 9 डिसेंबरला, अंतिम सामन्यात वेक फॉरेस्टला 1-0. गोल ऑलिव्हिया थॉमसचा. त्या आठवड्यात ग्रुपवर कुणीतरी तिकिटांची लिंक टाकली होती. तीन अंगठे आले, एक “सोमवार? स्कूल नाइट!” आलं, आणि मग चकल्यांच्या ऑर्डरचे चाळीस निरोप. दिवाळी होऊन महिना झाला होता, तरी चकल्या! मीही दोन पाकिटं सांगितली.

थोडं या स्पर्धेविषयी सांगते, कारण आपल्याकडे अनेकांना ती ‘शाळेच्या मुलींच्या मॅचेस’ वाटते. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत, मुलींचे साडेतीनशेच्या आसपास संघ आहेत. नोव्हेंबरात त्यांतले चौसष्ट बाद फेरीत येतात. काही आपापल्या कॉन्फरन्सचे विजेते म्हणून, बाकीचे निवड समितीच्या मर्जीने. एक हार आणि घरी. सलग सहा जिंकले तर करंडक. सुरुवातीच्या फेऱ्या मानांकित संघांच्या स्वतःच्या मैदानांवर होतात, आणि उरलेले चार संघ एका ठिकाणी जमतात, त्याला ‘कॉलेज कप’ म्हणतात. 1982ला एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, ही स्पर्धा सुरू केली तेव्हा अवघे बारा संघ होते. 2025पर्यंतच्या 44 स्पर्धांपैकी 22 एकट्या यूएनसीने जिंकल्या. निम्म्या! मुंबई आणि रणजीचं नातं आठवा, म्हणजे अंदाज येईल.

आणि मुंबईवरून आठवलं. यूएनसीचा हा संघ ज्याने उभा केला, 22पैकी 21 करंडक ज्याच्या हाताखाली आले, तो अँसन डोरन्स 1951ला मुंबईत जन्मला. वडील तेल कंपनीत होते, त्यामुळे मुलाचं बालपण देशोदेशी गेलं. 1991ला अमेरिकेच्या मुलींनी चीनमध्ये पहिला विश्वचषक जिंकला तेव्हाही प्रशिक्षक हाच होता. ऑगस्ट 2024मध्ये, हंगाम तोंडावर असताना, तो निवृत्त झाला आणि त्याच्या मदतनिसाने, डेमन नाहासने, त्याच वर्षी करंडक परत आणला. बारा वर्षांचा दुष्काळ होता. मधल्या काळात संघ तीन अंतिम सामने हरला होता, त्यातले दोन इथे केरीतच. जाता जाता हेही सांगायला हवं की दोन माजी खेळाडूंनी 1998ला डोरन्सच्या वागणुकीबद्दल न्यायालयात धाव घेतली होती, आणि त्यातला शेवटचा दावा 2008मध्ये तडजोडीने मिटला. छळाचा आरोप त्याने नाकारला होता. आपल्या माणसांना ‘आमच्या मुंबईचा’ म्हणून लगेच हार घालायची सवय असते, म्हणून सांगितलं. मुलगी कुठल्याही कोचच्या हाती देताना करंडक मोजून भागत नाही.

हे सगळं उभं कसं राहिलं, तर 1972च्या एका कायद्यामुळे. टायटल नाइन. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कुणाला डावलता येणार नाही, एवढंच त्यात म्हटलंय. खेळाचा त्यात शब्दही नाही. पण खेळही कॉलेजातच चालतात, तेव्हा तेही त्यात आले. अमेरिकन फुटबॉलच्या एकेका संघात पंच्याऐंशी पंच्याऐंशी मुलगे शिष्यवृत्तीवर असायचे. तेवढ्या मुलींना कुठे खेळवायचं, या विवंचनेतल्या कॉलेजांना सॉकर सापडला. मोठा संघ, एक चेंडू, एक मैदान. म्हणजे यात सगळाच उदात्तपणा नव्हता, बराचसा हिशोब होता. मला उलट ते आवडतं. उदात्तपणा सरकार बदललं की बदलतो, हिशोब जरा जास्त टिकतो.

त्या हिशोबातून काय निघालं ते 1999ला जगाने पाहिलं. रोझ बोलमध्ये नव्वद हजारांवर माणसं आणि चीनशी विश्वचषकाचा अंतिम सामना. जादा वेळात गोलरेषेवरून डोक्याने चेंडू परतवला क्रिस्टीन लिलीने, ती चॅपल हिलची. पेनल्टी अडवली ब्रियाना स्करीने, ती मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाची. शेवटची पेनल्टी मारली ब्रँडी चॅस्टेनने, ती सँटा क्लाराची. त्या संघातली प्रत्येक मुलगी कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या मैदानावरून आली होती. मिया हॅमचं नाव तुम्हाला माहीतच असेल. तिने आपल्या शेजारी, चॅपल हिलला, चार राष्ट्रीय अजिंक्यपदं जिंकली आणि राज्यशास्त्राची पदवीही घेतली. पदवीचं मुद्दाम सांगते, कारण तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे.

5 डिसेंबर 2022. माझी आई कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. दोनच महिन्यांपूर्वी तिने टीव्हीवर भुवनेश्वरचा सामना पाहिला होता, सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकातला, ज्यात अमेरिकेने आपल्या मुलींचा 8-0 असा धुव्वा उडवला. अमेरिकेच्या त्या संघात मिया भुता नावाची भारतीय वंशाची मुलगी होती, ती पुढे स्टॅनफर्डच्या संघात गेली. आईला आकड्याचं दुःख नव्हतं. तिचा प्रश्न वेगळाच होता: “त्या पोरी एवढ्या पळत्यात, त्यांना खायला काय घालत्यात गं?” म्हटलं, चल, जवळून बघ.

केरीतला अंतिम सामना, यूएनसी विरुद्ध लॉस एंजेलिसचं यूसीएलए. आईने दोन स्वेटर, शाल आणि वर माकडटोपी घातली होती. सत्तरी ओलांडलेल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा स्टेडियममध्ये पाय ठेवला. शाहू स्टेडियमच्या शेजारी पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईने, केरीत. आमच्या बाजूला सगळे आकाशी निळे. एव्हरी पॅटरसनने दोन हेडर मारून यूएनसीला 2-0 पुढे नेलं तेव्हा आई माझ्या मुलीचा हात धरून उभी राहिली. इथल्या कॉलेज सॉकरचं घड्याळ उलटं चालतं, पंचेचाळीस मिनिटांवरून शून्याकडे. ते तिला फार पटलं. “किती उरलं ते सरळ कळतंय की,” म्हणाली. शेवटी शेवटी यूसीएलएने एक फेडला, 2-1.

आणि मग मी तेच केलं जे आपण प्रत्येक नाटकाला, प्रत्येक गाण्याच्या कार्यक्रमाला करतो. पार्किंगमधून निघताना गर्दी नको म्हणून, मिनिटभर उरलेलं असताना, दोघींना उठवलं. मुलगी नको नको म्हणत होती. आम्ही गेटाबाहेर पडलो आणि मागून आवाज आला. पण जसा यायला हवा तसा नाही. चिरका, एका कोपऱ्यातून, आणि बाकी सगळीकडे चिडीचूप. कोल्हापूरच्या दोन्ही बायकांना तत्क्षणी कळलं की गोल झाला आणि आपला नाही झाला. घड्याळात सोळा सेकंद उरले असताना रायलिन टर्नरने कॉर्नरवर हेडर मारून बरोबरी साधली होती.

आई कुंपणापाशी थांबली. म्हणाली, “हितं येऊन बी भायेरच उभारायचं व्हय गं?”

परत आत जाता येईना. जादा वेळ आम्ही गाडीत बसून फोनच्या पडद्यावर पाहिला, तिघींची डोकी एकत्र करून, हीटर लावून. दहा-दहा मिनिटांचे दोन डाव, त्या वर्षीपासून ‘पहिला गोल आणि खेळ खलास’ हा नियम गेला होता. एकशे सातव्या मिनिटाला मारिकार्मेन रेयेसने गोल केला आणि यूसीएलए 3-2 जिंकली. त्यांच्या प्रशिक्षक मार्गरिट आओझासा यांचं ते यूसीएलएतलं पहिलंच वर्ष होतं. पडद्यावरचं चित्र मागे होतं, त्यामुळे बाहेरचा आवाज आधी आला आणि गोल नंतर दिसला. माझी मुलगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, यूएनसी हरली म्हणून.

तसं नव्हतं. आदल्याच वर्षी मी तिला क्लबमधून काढलं होतं. तेरा वर्षांची होती, डावी विंगर. सातवीतून आठवीत जाताना गणिताची पुढची पायरी घ्यायची होती, त्याचा क्लास मंगळवार-गुरुवार, आणि सराव मंगळवार-गुरुवार. आम्ही नवराबायकोने जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बेरीज-वजाबाकी केली. ‘ही काही मिया हॅम होणार नाही’ असं एक वाक्य त्या टेबलावर बोललं गेलं, आणि पोरगी शेजारच्या खोलीत होती.

पालकहो, हा कागद तुम्हीही घेता. दर वर्षी, याच वयात. नववीला हायस्कूलच्या ट्रायआउटची यादी लागते तोवर आपल्या बहुतेक मुली गळालेल्या असतात. कुणी भरतनाट्यमच्या अरंगेत्रमसाठी, कुणी स्पेलिंगसाठी, कुणी नुसतीच ‘आता अभ्यास वाढला’ म्हणून. मुलग्यांचं क्रिकेट मात्र चालू राहतं, बरं का. मॉरिसव्हिलच्या चर्च स्ट्रीट पार्कमधल्या क्रिकेट मैदानावर रविवारी दिवसभर बसणारे बाबा मला ठाऊक आहेत. त्यांना कधी ‘हा काही तेंडुलकर होणार नाही’ असं म्हणताना ऐकलं नाही.

दुसऱ्या टोकाचेही आहेत, त्यांच्याशीही बोलायचंय. मुलगी नऊ वर्षांची असताना जे ‘स्कॉलरशिप’ म्हणतात ते. त्यांच्यासाठी हिशोबाचं उत्तर हिशोबाने देते. परवापरवापर्यंत डिव्हिजन वनच्या एका महिला संघाला जास्तीत जास्त चौदा शिष्यवृत्त्या देता यायच्या, आणि त्या पंचवीस-तीस मुलींत तुकडे करून वाटल्या जायच्या. जून 2025मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांपुरती शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, पण संघात अठ्ठावीसच्या वर मुली ठेवता येत नाहीत. म्हणजे कागदावर वाट रुंद झाली आणि दार अरुंद. शिष्यवृत्ती नसताना स्वतःच्या हिमतीवर संघात शिरणाऱ्या ‘वॉक-ऑन’ मुलींना याची झळ सगळ्यात आधी बसते. शिवाय कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात, आणि त्यातला सिंहाचा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि मुलग्यांचं बास्केटबॉल नेतं. आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नाही, डिव्हिजन थ्रीमध्येही नाही. दहावी संपल्यावरच्या 15 जूनच्या आधी डिव्हिजन वनच्या कोचला मुलीशी भरतीबद्दल बोलायचीही परवानगी नाही, तेव्हा पाचवीतल्या मुलीचा व्हिडिओ कापून ठेवू नका. क्लबची फी, परगावच्या स्पर्धा, हॉटेलं, पेट्रोल हे सगळं दहा वर्षं मोजलंत, तर शिष्यवृत्तीसाठी खेळवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. तोच पैसा मुलीच्या नावे कॉलेजच्या खात्यात टाकलात तर जास्त होईल.

मग कशाला खेळायचं, असं तुम्ही म्हणणार, आणि मी तुम्हाला नेतृत्वगुण, संघभावना वगैरे सांगावं अशी तुमची अपेक्षा असणार. ते सगळं क्लबच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, मला त्याचा कंटाळा आहे. मुलीला खेळायचंय म्हणून खेळायचं. आवाज बाहेरून ऐकण्यापेक्षा आतून ऐकलेला बरा, एवढंच माझ्याकडे कारण आहे. माझ्या आईला ते कळायला सत्तर वर्षं लागली, आणि कळलं त्याच रात्री मी तिला पार्किंगसाठी बाहेर काढलं.

स्पर्धा चालवणाऱ्यांवरही माझा राग आहे, तो इथेच काढून घेते. ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळा हंगाम कोंबलेला, आठवड्याला दोन दोन सामने. राष्ट्रीय स्पर्धेत दुसरी आणि तिसरी फेरी एकाच आठवड्याअखेरीला, मध्ये एक दिवस. उपांत्यपूर्व फेरी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत. शुक्रवारी उपांत्य, सोमवारी अंतिम. पूर्वी तर शुक्रवार आणि रविवार असायचं. आणि हे सगळं सत्र परीक्षांच्या तोंडावर. त्यात 2024पासून स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये आल्या. पॅसिफिकच्या काठावरच्या मुली साध्या साखळी सामन्यासाठी देश ओलांडून येतात, कारण अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही करारांना ते सोयीचं होतं. पुरुषांच्या प्रशिक्षकांनी हंगाम दोन सत्रांत विभागावा अशी मागणी बरीच वर्षं लावून धरली आहे. मुलींच्या बाजूने तेवढा आवाज आलेला नाही. गुडघे मात्र मुलींचे जास्त जातात. पुढच्या अस्थिबंधाची दुखापत त्यांच्यात मुलग्यांहून कितीतरी अधिक आढळते. हेही तुम्हाला सांगितलंच पाहिजे. मुलगी खेळणार असेल तर उडी मारून खाली उतरण्याचे, वळण्याचे व्यायाम तिच्या सरावात आहेत का, हे कोचला विचारा. आपण ‘किती गोल केलेस?’ एवढंच विचारतो.

आता मागणं.

एक तर मराठी शाळेची वेळ. रविवारी दहा ते बारा ही वेळ ठरली तेव्हा आपली मुलं चार-पाच वर्षांची होती. आता क्लबच्या मोठ्या वयोगटांचे सामने नेमके त्याच वेळी असतात. कार्यकारिणीकडे मी लेखी मागणी केली आहे की मोठ्या मुलांचा वर्ग रविवारी संध्याकाळी घ्यावा. सभेत हात वर करायला या. आणि वेळ बदलली नाही, तरी माझ्या वर्गात सामन्याहून थेट आलेल्या मुलीला कुणी उशिराबद्दल विचारणार नाही. झाडू मी घरून आणते.

दुसरं, अंतिम सामना परत केरीत येईल तेव्हा येईल, त्याची वाट बघू नका. ऑगस्टपासून चॅपल हिलला डोरन्स फील्डवर, डरमला ड्यूकच्या कोस्किनेनवर, रॅलेला एनसी स्टेटच्या मैदानावर सामने सुरू होतात. अर्ध्या तासाची गाडी. नोव्हेंबरात राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी बहुतेक यातल्या एखाद्या मैदानावर असतेच. आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांना आधी न्या. डीसीची ट्रिप नंतर झाली तरी चालेल. सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी मी दोन गाड्या घेऊन चॅपल हिलला चालले आहे. सात जागा शिल्लक आहेत. डबा मी करते, थालीपीठ आणि दही, पण आत नेऊ देतील असं समजू नका, गाडीतच खाऊ. आणि घड्याळ शून्यावर येईपर्यंत कुणीही उठायचं नाही.

माझी लेक आता अठराची आहे. कुठल्याही कॉलेजच्या संघात ती नाही. शनिवारी सकाळी आठ वर्षांच्या मुलींचे सामने ती शिट्टी घेऊन सांभाळते, आणि बाहेरून ओरडणाऱ्या बाबांना शांतपणे पिवळं कार्ड दाखवते. त्यातले दोघे आपल्या ग्रुपवर आहेत, नावं सांगत नाही.

आणि ती ऑक्टोबरातली मुलगी. तिच्या आईला मी फोन केला, दोनदा. माफी मागितली. आई म्हणाली, ती विचार करून सांगते म्हणाली आहे. तिची वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर तिने मैदान आखलंय, अकरा जणींच्या जागांसकट, आणि डाव्या विंगेला स्वतःचं नाव लिहिलंय. देवनागरीत, जोडाक्षर बरोबर.

आपली,
जोडाक्षरांच्या वर्गाची बाई